गावच्या माळावर गिरिपुष्प लावावं का?

माळकरी_इंदापूर: गावाला लागून साठेक एकर माळ आहे. चिंकारा रोज दिसतात, मागच्या महिन्यात पहाटे लांडग्याची जोडीही दिसली. मंडळाच्या पोरांना जूनमध्ये हजार झाडं लावायचीत, गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) रोपं फुकट मिळतायत. शिवाय पाणवठा बांधायचाय. वर्गणी जमलीय. सुरुवात कशाने करू?

जुना_वनरक्षक: रोपं परत करून. रागावू नका, मीही नोकरीत माळावर खड्डे घेतलेत. कागदावर 'पडीक' लिहिलेलं, मग लावा झाडं! गिरिपुष्प जगलं, त्याच्या सावलीत पवन्या-मारवेल ही गवतं गेली. धाविक, चंडोल हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. झाड आलं की कावळ्याला टेहळणीची जागा होते. चिंकाराला तर लांबचं दिसलं पाहिजे, तोच त्याचा बचाव.

पाणवठ्याची घाई नको. चिंकारा पाल्यातल्या ओलीवर बरेच दिवस काढतो. आमच्याकडे एका संस्थेने तीन फूट खोल, सरळ भिंतींची टाकी बांधलेली. मे महिन्यात सकाळी गेलो तर पाडस तरंगत होतं, आतल्या सिमेंटवर खुरांचे ओरखडे. बांधायचाच तर बशीसारखा, चारी बाजूंनी उतार ठेवून, आणि गावापासून लांब. नाहीतर कुत्रीच आधी येऊन बसतात.

वाघरवाला: कुत्र्यांचं खरंय. लांडगा एखादं कोकरू उचलतो नि जातो, कुत्री आठ-दहा फाडून टाकून जातात. आम्ही मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरतो, पावसाच्या तोंडाला परत. तेव्हा माळाला तारेचं कुंपण घातलेलं दिसलं तर जायचं कुठं? तेवढं बघा.

माळकरी_इंदापूर: मग वर्गणीचं काय करू?

जुना_वनरक्षक: निम्मी कुत्र्यांच्या नसबंदीला आणि रेबीजच्या लशीला. पशुवैद्यकीय दवाखान्यात बोला. आधी सातबारा बघा. माळ वनखात्याचा निघाला तर जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) त्यांनाच फेब्रुवारीच्या आत काढायला लावा. गायरान असेल तर ग्रामसभेत तीन तुकडे पाडा, दर पावसाळ्यात एकाची चराई बंद, आणि कुठला ते वाघरवाल्यांना विचारून. कुंपण नको.

 

माळकरी_इंदापूर: रोपं उतरवून झालीत हो, शाळेच्या पटांगणात पडलीत. शेतकऱ्यांना बांधावर लावायला देऊ?

जुना_वनरक्षक: द्या की. बांधावर हिरवळीच्या खताला उत्तम. पटांगणात उन्हात नका ठेवू फक्त.