३१ कुर्त्या, घालण्यासारख्या ६! बेळगावात चांगले कपडे कसे बघून घेता तुम्ही?

निपाणीची_पीजीत

नमस्कार. प्रश्न जरा खुळ्यासारखा वाटेल खरं विचारते. मी निपाणीची, दीड वर्ष झालं बेळगावात नोकरीला आहे, टिळकवाडीत पीजीत राहते. परवा पावसाच्या आधी म्हणून कपाट रिकामं केलं तर ३१ कुर्त्या निघाल्या. एकतीस! आणि त्यातल्या ऑफिसला घालण्यासारख्या मोजून सहा. एकीची शिवण काखेत उसवली, दोन अशा आटल्या की पोटरीपर्यंतच्या होत्या त्या गुडघ्यावर आल्या, काळी होती तिचा रंग आता धड काळा नाही धड राखी नाही, आणि एक तर अशी आहे की घालून चालायला लागलं की बाजूचा कट हळूहळू फिरत पोटावर येतो, म्हणजे मी सरळ चालतेय आणि कुर्ती दुसरीकडेच निघालीय. सगळ्या साडेतीनशे ते पाचशेच्या आतल्या. पगार झाला की शनिवारी मैत्रिणींबरोबर जायचं, एसीत तासभर फिरायचं आणि दोन उचलून यायचं असं चाललंय. सरासरी ४०० धरले तरी १२,४०० रुपये झाले की हो!

घरी गेलं की आई तिचं इरकल काढून दाखवते, माझ्या जन्माच्या आधीचं, काठ अजून तसाच्या तसा. म्हणते तुम्ही पोरी कापड घेत नाही, रंग घेता. पटलं, खरं मग घ्यायचं काय? महाग म्हणजे चांगलं असंही नाही, मागच्या दिवाळीला एका मोठ्या शोरूममधनं २२०० चा सेट घेतला (नाव नको), तिसऱ्या धुण्याला त्याला दंडाला नुसते गोळे गोळे आले.

तर हात लावून कापड कसं ओळखायचं? शिवून घेणं परवडतं का? आणि पावसात काय घालता? आमच्या गच्चीवरची दोरी चार महिने असून नसल्यासारखी. बजेट महिन्याला हजार-बाराशे, त्याच्या वर नाही.

खानापूर_शिलाई

आधी त्या फिरणाऱ्या कुर्तीचं सांगतो कारण ते बरोब्बर माहीत आहे मला. लग्नाआधी मी तीन वर्षं बेंगळुरात पीण्या म्हणून कारखान्यांचा भाग आहे तिथं गारमेंटमध्ये होतो. तिथं कापड थरावर थर पसरतात आणि एकदम कापतात. पसरताना कापड जरा जरी ओढलं गेलं, नाहीतर कापड वाचवायला पीस थोडा तिरका बसवला, तर उभा धागा सरळ राहत नाही. दुकानात इस्त्री केलेली असती त्यामुळं कळत नाही. पाण्यात पडली की धागा आपल्या जागेवर जातो आणि सगळी कुर्ती पिळती. ती आता कोण पण सरळ करू शकत नाही, तिचं पायपुसणं कर.

दुकानात गेलीस की पुढची बाजू बघायचीच नाही, आधी उलटी कर. शिवणीच्या बाहेर माया, म्हणजे जास्तीचं कापड, किती सोडलीय बघ. बोटाच्या अर्ध्या पेराएवढी तरी पाहिजे. स्वस्तातल्या मालात ओव्हरलॉकच्या (कडा उसवू नये म्हणून मारतात त्या) दोऱ्याएवढीच असती, म्हणजे जरा जाड झालीस तर उसवून सैल करता येत नाही आणि ताण आला की शिवण कापडासकट निघून येती. मग टाके मोज. अंगठ्याचं वरचं पेर साधारण इंचभर धर, तेवढ्यात १० ते १२ टाके असले तर बरं. सहा-सातच असले तर ठेव परत. टाका मोठा म्हणजे मशीन भराभर पळती आणि दोरा पण वाचतो, एका कुर्तीला काही वाटत नाही खरं पन्नास हजार पीसला हिशोब कर की. दोन्ही हातानं शिवण आडवी ताणून बघ, मधनं उजेड दिसला की संपलं. बाजूच्या कटच्या टोकाला मागं-पुढं टीप मारून पक्कं केलेलं पाहिजे, पहिलं तिथंच फाटतं. आणि मुंढा बघ, बाही जिथं बसवतात तिथं चुण्या पडल्या असतील तर घाईचं काम.

घाई शिवणारीची नसती बरं का. मी दोन वर्षं फक्त डावी बाही जोडलो. फक्त डावी. उजवी माझ्या पुढची बाई जोडायची. अख्खी कुर्ती मी तिथं एक पण शिवलो नाही, ती खानापुरात येऊन शिकलो. तासाचं टार्गेट चुकलं की सुपरवायझर अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं बोलायचा, पाण्याला उठायची पण भीती. ४०० ला कुर्ती आणि त्यात दुकानाचं भाडं, एसी, पिशवी सगळं बसतं, तर ते कुठून तरी कापलेलं असतंयच.

चंदगडचा_जावई

बायकोनं हा धागा वाचायला दिला म्हणून वाचतोय. आमच्याकडं लग्नाचा बस्ता म्हटलं की गाडी बेळगावलाच वळते, दोन राज्यं पडली तरी. पुरुषांच्या शर्टाचं पण हेच आहे, कॉलर उलटून बघायला मला आमच्या सासऱ्यांनी शिकवलं. आता बायको दुकानात माझ्या आधी स्वतःचे कपडे उलटे करत बसणार आणि मी बाहेर उभा. धन्यवाद.

वडगावची_आक्का

शिलाईचं ताईनी सांगितलंच आहे, मी कापडाचं सांगतो. आमचं घर मागाचं. सासऱ्यांच्या वेळेला घरात खड्ड्याचा हातमाग, मागून पॉवरलूम आलं, आता दोन मागातला एकच चालतोय.

कापड उजेडाला धर. विणीत ढगाळ ढगाळ पट्टे दिसले, कुठं दाट कुठं विरळ, तर ते टिकत नाही. मग मुठीत धरून आवळ आणि सोड. सुती असलं तर चुण्या राहतात, अजिबात चुणी पडली नाही तर त्यात पॉलिस्टर आहे असं समज. नखानं जरा घास, पावडर पडली तर कांजी भरलीय, पहिल्या धुण्याला कापडाचं पोतेरं होतंय. घरी आणल्यावर शंका असली तर कडेचा एक धागा काढून जाळ (दुकानात नको गं बाई). सुताची कागदासारखी राख होती, रेशमाला केस जळल्याचा वास येतो, आणि पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. आणि लेबल वाच म्हणजे नीट वाच, हल्ली "कॉटन टच", "कॉटन फील" असलं काय काय लिहितात, म्हणजे कॉटनला लांबून नमस्कार केलेलं.

तुझ्या आटलेल्या दोन कुर्त्या रेयॉनच्या असणार. रेयॉन वाईट नाही, अंगाला गार लागतं, पडतं पण छान, खरं ते लाकडाच्या लगद्यापासून करतात आणि ओलं झालं की त्याचा जीव जातो. त्याला पिळायचं नाही, मशीनच्या ड्रायरला घालायचं नाही, नुसतं निथळत ठेवायचं. आपण काय करतो, पावसात वाळत नाही म्हणून तेच जास्त पिळतो.

आणि आईच्या इरकलला नावं ठेवू नको. ते घेऊन अंग आणि पदर जिथं जुळतं तिथं हात फिरव, बारीक उंचवटा लागेल. अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, सुती, पदराचा रेशमी, आणि दोन्ही ताणे एकमेकांत फासे अडकवून जोडलेले असतात, त्याला कोंडी म्हणतात. खऱ्या इरकलच्या पदराला तीन लाल भाग आणि मधे दोन पांढरे. नुसती छापलेली किंवा एकाच ताण्यावर सरळ विणत गेलेली साडी असली तर ती रेघ लागणार नाही. आता "इरकल कुर्ती" म्हणून ६०० ला मिळतात त्यात इरकल फक्त काठाच्या डिझाइनपुरतं आहे. खणाचं पण तेच झालंय. खण म्हणजे बागलकोटकडचा गुळेदगुड्डचा, चोळीपुरता अरुंद विणलेला, दोन्ही बाजूला काठ. आता मोठ्या पन्ह्याच्या (रुंदीच्या) पॉलिस्टरवर तीच बुट्टी उठवून ड्रेस शिवतात. घाल की, दिसतंय चांगलं, खरं खणाचे पैसे देऊ नको त्याला.

दोन_पोरींची_आई

सगळं बरोबर आहे खरं मला जरा दुसरी बाजू सांगू दे. इथं चांगलं-चांगलं बोलणं सोपं आहे. माझ्या दोन पोरी कॉलेजला, नवरा रिक्षा चालवतो. एकदम अकराशे काढून एक ड्रेस शिवायचा म्हटलं तर दुसरी विचारते माझं काय. चारशेचं दोन वेळा घेणं परवडतं, अकराशेचं एकदा घेणं परवडत नाही, हिशोब उलटा असला तरी हातात पैसे तसेच येतात. त्यामुळं स्वस्त घेणाऱ्याला अक्कल नाही असं कुणी धरू नये.

माझी एक गोष्ट सांगतो. बाजारात रस्त्यावरनं ३०० ला घेतलेली सुती कुर्ती मी चार वर्षं घातलो. का टिकली तर एकच, मी ती उलटी करून, गार पाण्यात, हातानं धुतो आणि सावलीत वाळत घालतो. थोरल्या पोरीनं त्या कुर्तीचीच बहीण म्हणावी अशी कुर्ती गरम पाण्यात जीन्सबरोबर मशीनला लावली, सहा महिन्यात विरली. पावसाचं विचारलीस म्हणून सांगतो, जून ते सप्टेंबर जाड सुती आणि खादी कपाटातच ठेव, बाहेर काढली तर तीन दिवस वाळत नाही आणि कुबट वास मारतो. बारीक केंब्रिक, मलमल असलं पातळ सुती बरं, नाहीतर थोडं पॉलिस्टर मिसळलेलं असलं तरी चालतं त्या चार महिन्यात, उगच शिवाशिव करू नको. जरा जरी दमट असलं तरी घडी घालायची नाही. साड्या प्लास्टिकमध्ये नको, जुन्या सुती पंच्यात गुंडाळ, आणि दसऱ्याला एकदा काढून घडी मोड.

वडगावची_आक्का

दोन पोरींच्या आईचं अगदी खरं. आणि खादीचं म्हटलात म्हणून, पाऊस संपला की हुदली म्हणून खादीचं गाव आहे तिथं जाऊन या एकदा, बेळगावपासून लांब नाही. १९३७ ला गांधी येऊन राहिले होते त्या गावात. गांधी जयंतीच्या सुमाराला खादीवर सूट असती, तेव्हा घेऊन ठेवायची आणि थंडीत घालायची. पहिल्यांदा खरखरीत लागती, दहा धुण्यानंतर बघ.

खानापूर_शिलाई

परवडायचं पण बघू. कॉलर नको, अस्तर नको, साधी सरळ कुर्ती पाहिजे असली तर ४४ इंच पन्ह्याचं अडीच मीटर पुरतं, उंच असलीस तर पावणेतीन. बरं केंब्रिक २२० नं धर, साडेपाचशे झाले, वर चारशे शिलाई. साडेनऊशेत होती. महिन्याला एकच. दोन शनिवार गेलीस की तेवढे जातातच तुझे. आणि शिवणाऱ्याला सांग, बाजूला इंचभर माया ठेवा आणि खाली दुमड मोठी ठेवा. कमी माया ठेवून उरलेल्या कापडाचा बटवा करून देतो म्हणाला तर बटवा नको म्हणायचं.

निपाणीची_पीजीत

गेले होते. आधी नेहमीच्याच दुकानात गेले आणि कुर्ती उलटी करून अंगठा लावून टाके मोजायला लागले, तर तिथली मुलगी येऊन हळूच म्हणाली, मॅडम डाग आहे काय, दुसरा पीस देऊ? सात टाके होते. दुसऱ्या पीसलाही सातच. मैत्रीण लाजून ट्रायल रूमकडे जाऊन उभी राहिली. एक गोष्ट मात्र कबूल करते, ३९९ ची एक निघाली तिला अकरा टाके आणि बऱ्यापैकी माया होती, तेव्हा सगळंच टाकाऊ नसतं. घेतली नाही, रंग आवडला नाही. आई ऐकली तर हसेल.

मग गणपत गल्लीत जाऊन निळं केंब्रिक घेतलं पावणेतीन मीटर. दुकानदाराला म्हटलं उजेडात दाखवा, तर त्यांनी कौतुकानं बाहेर रस्त्यावर आणून धरलं. आणि काल आईला फोन करून इरकलच्या पदरावर हात फिरवायला लावला. गप्पच झाली जरा वेळ, मग म्हणाली हो गं, लागतंय की, इतकी वर्षं नेसते मी, कधी बघितलं नव्हतं.

अडचण एकच, पीजीजवळचा टेलर म्हणतोय गणपती झाल्यावर या. खानापूरच्या ताई, तुमच्याकडं होईल का? त्या ३१ मधल्या चार सुती आहेत, त्यांचं पण काही करता आलं तर बघा.

खानापूर_शिलाई

आण की, रविवारी असतो मी. त्या चारीचे उशीचे अभ्रे होतील. नवीन कापड रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता वाळवून आण. तसंच कोरं आणलीस तर कात्री लावणार नाही, आत्ताच सांगतो.