वेकबोर्डिंगच्या बोटीत वजन वाढवायचंय, स्वस्तात आणि काढता येईल असं काय घ्यावं?

नवा_वेकर
आमची बोट १९ फुटी, स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, प्रोपेलर मागे बाहेर), दोरी उंचावर बांधायचा टॉवर नंतर बसवलाय. बोटीत दोघं-तिघंच असलो की मागचा वेक, म्हणजे बोटीमागे उठणारी लाट, अगदी चपटा येतो, दोरी धरून मागे बोर्डवर असलेल्याला उडी घ्यायला काही मिळतच नाही. कायमचे बॅलास्ट टँक (वजनासाठी पाणी भरायच्या टाक्या) बसवणं परवडणार नाही, शिवाय हीच बोट घरच्यांना फिरवायला पण लागते त्यामुळे वजन काढून ठेवता आलं पाहिजे. पाण्याच्या बॅगा, वाळूची पोती की शिशाच्या पिशव्या? साधारण २५० किलो डोक्यात आहे.

बॅगवाला
पाण्याची बॅग घे, दुसरा विचारच करू नको. पाणी फुकट, एक लिटर म्हणजे एक किलो, आणि नको तेव्हा रिकामी करून गुंडाळून ठेवता येते. १८० लिटरची एक बॅग आणि लायटर सॉकेटवर चालणारा १२ व्होल्टचा पंप, एवढ्यात सुरुवात होते. पंपावर तासाला ३००० लिटर लिहिलेलं असतं त्या हिशोबाने चारेक मिनिटांत भरायला हवी, पण पाइप लांब असला, पाणी वर चढवायचं असलं की फ्लो पडतो, जास्तच वेळ धर. भरताना आतली हवा पूर्ण काढ. बॅग अर्धवट राहिली तर वळताना सगळं पाणी एका अंगाला धावतं आणि बोट त्याच बाजूला आणखी कलते. ट्रेलरवर चढवायच्या आधी रिकामी कर, आणि ते पाणी त्याच तळ्यात सोड. झेब्रा मसल (तळ्यात झपाट्याने पसरणारा उपद्रवी शिंपला) याची पिल्लं डोळ्याला दिसत नाहीत, बॅगेत उरलेल्या पाण्यातून दुसऱ्या तळ्यात जातात, म्हणून बॅग नीट वाळवूनच दुसरीकडे ने.

काठावरचा
एवढा पंप-बिंप कशाला, वाळू भरून डबल पोत्यात बांधा, काम झालं. सगळ्यात स्वस्त.

इनबोर्ड_दादा
वाळूला माझा विरोध आहे. पोतं ओलं होतं, घासतं, फाटतं, आणि वाळू बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, जाऊन तिथलं पाणी उपसणारा पंप चोक होतो, म्हणजे ज्या दिवशी बोटीत पाणी शिरेल नेमका त्याच दिवशी पंप चालणार नाही. सिमेंटचे ठोकळे पण नकोत, जेलकोट (बोटीचा वरचा गुळगुळीत थर) खरवडतात.
शिशाच्या छर्ऱ्यांच्या पिशव्या उत्तम, २० किलोची पिशवी जेमतेम तीन लिटरची जागा खाते, सीटखाली कुठेही सरकवता येते. पण महाग, आणि एक फरक नीट समजून घे. बोटीत पाणी भरलं तर पाण्याची बॅग तिला खाली ओढत नाही, पाण्यात पाण्याला वजन नसतं. शिसं ओढतं. म्हणून मोठं वजन पाण्याचं आणि बॅलन्स जुळवायला थोडंसं शिसं, तेही हलणार नाही असं अडकवून. शिसं विषारी आहे, पिशवी फाटली तर वापरू नको, घरी वितळवून ओतायच्या भानगडीत तर अजिबात पडू नको.

टॉवर_ताई
अरे २५० ठरवायच्या आधी कपॅसिटी प्लेट बघ, बोटीला किती वजन चालतं ते लिहिलेली पट्टी! बॅलास्ट पण त्याच मर्यादेत धरायचं, माणसं आणि सामानासकट. ७५ किलोची चार माणसं म्हणजे ३०० झालेच, त्यावर २५० टाकलेस तर ५५०, तुझ्या प्लेटवर तेवढे आहेत का? नसतील तर माणसं वाढली की बॅग कमी भरायची, पाण्याचा हाच तर फायदा.
जागेचं म्हणशील तर साधारण ६० टक्के मागे, ४० पुढे असं सुरू कर. मागे वाढवलं की वेक उभा आणि आखूड होतो, पुढे वाढवलं की लांब, उतरता. ड्रायव्हर उजवीकडे बसत असेल तर थोडं जास्त डावीकडे ठेव. पुढे अति करू नको, एकदम थ्रॉटल सोडला की आपलीच लाट नाकावरून आत येते. आणि वजनाने बोट उठायला जड वाटली तर कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी पुढे ढकलणारा) प्रोपेलर बघ, इंजिनला रगडत राहू नको.

नवा_वेकर
प्लेट बघितली, चार माणसं धरून १८० च्या आतच राहावं लागेल. मग एकच बॅग आणि पंप घेतो. सगळं वजन एका बाजूला टाकून वेकसर्फिंग (दोरी सोडून बोटीमागच्या लाटेवर सर्फिंग) जमेल का पण?

टॉवर_ताई
नाही, स्टर्नड्राइव्हमागे नाही. तुझा प्रोपेलर बोटीच्या मागे बाहेर असतो आणि सर्फर त्याच्या अगदी जवळ, पडला की सरळ त्यावर जाऊ शकतो. शिवाय एक्झॉस्टचा कार्बन मोनॉक्साइड तिथेच साचतो. दोरीवर वेकबोर्डच कर, ३० ते ३५ किमीच्या वेगात, बॅग भरून दोन-चार फेऱ्या मारून बघ वेक कुठे स्वच्छ येतो ते.