काकडीवर भुरी, तोडा चालू आहे. निमतेल की दशपर्णी?

शिरोळचा_मळा: तारेवरची काकडी, ४५ दिवसांची. एक दिवसाआड तोडा आहे, म्हणून रासायनिक मारायचं नाही. खालच्या पानांवर पांढरे ठिपके दिसतात. घरात दशपर्णी (दहा झाडांच्या पाल्याचा अर्क) आहे, दुकानात १०,००० पीपीएमचं निम मिळतं. पंपाला किती घालू?

बांधावरून: आधी पान उलटं करून बघा राव. पांढरं पीठ बोटानं पुसलं जात असेल तर भुरी. शिरांच्या चौकटीत पिवळे कोनदार डाग आणि पानाखाली करडी-जांभळी लव असेल तर केवडा, तो वेगळा रोग. भुरीची बुरशी पानाच्या वर पसरते, तिला तेल लागू पडतं. केवडा पानाच्या आत शिरतो, तिथं निमतेलाचा भरवसा नाही. कृष्णाकाठी धुकं पडलं की रोज बघायला हवं.

शिरोळचा_मळा: पुसलं जातंय, भुरीच.

निंबोळी: मग दोन्ही राहू द्या. दशपर्णी किडीसाठी. पीपीएम म्हणजे निमातल्या अझाडिरॅक्टिन या घटकाचं प्रमाण, तेही किडीवरच चालतं. आणि ती बाटली लिटरला एक-दोन मिली पडते, तेवढ्यात तेल असतं किती? भुरीवर काम तेलाचं. साधं निमतेल लिटरला ५ मिली, १५ लिटरच्या पंपाला ७५ मिली. आधी थोड्या पाण्यात साबण विरघळवा, त्यात तेल घालून दुधासारखं होईपर्यंत घुसळा, मग पंप भरा. तेल तरंगलं तर पानं करपलीच म्हणून समजा.

शिरोळचा_मळा: बोअरच्या पाण्यात साबण फाटतो हो.

निंबोळी: पाणी जड आहे, त्यात साबणाचा साका होतो. रिठा घ्या, तो फाटत नाही. १०-१२ रिठे रात्री भिजवा, सकाळी चोळून गाळा, पंपाला तेवढं पुरतं. आधी ४-५ वेलांवर मारून दोन दिवस थांबा. फवारा संध्याकाळी, मधमाश्या गेल्यावर. पानाच्या दोन्ही बाजू भिजल्या पाहिजेत. ७ दिवसांनी पुन्हा.

बांधावरून: गंधक मारलं होतं का?

शिरोळचा_मळा: हो, पहिल्या तोड्याआधी. ६ दिवस झाले.

बांधावरून: मग आज तेल नको. गंधकावर तेल पडलं की पानं जळतात, दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. तोवर भुरीची खालची पानं काढून शेताबाहेर पुरा. दूध १ भाग, पाणी ९ भाग, सकाळच्या उन्हात मारलं तर भुरी रोखून धरता येते. म्हशीचं दूध पंपात ओतायला जीव होणार नाही, गाईचं चालतं.