कोविडचं हॉस्पिटल बिल सरकारी दरापेक्षा जास्त घेतलंय, पैसे परत मिळतात का? सल्ला हवाय

रानवारा:
नमस्कार मंडळी. माझे मामा एप्रिल २०२१ च्या शेवटी नगरमधल्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये कोविडमुळे ॲडमिट होते, दोन आठवड्यांच्या वर, त्यातले काही दिवस व्हेंटिलेटरवर. घरी आलेत, चालताना अजून धाप लागते, पण आहेत, यातच सगळं आलं. प्रश्न बिलाचा आहे. हॉस्पिटलचं ४ लाख ६० हजार, तिथल्याच मेडिकलचं वेगळं १ लाख ८० हजार, सिटीस्कॅन आणि लॅब त्याच्यावर. मामींनी पाटल्या आणि गंठण मोडलं, उरलेले पतसंस्थेतून काढले. मेडिक्लेम २ लाखांचा होता, त्यातले १ लाख १० हजारच आले.
आता सगळे सांगतात की सरकारने दर ठरवून दिले होते. खरंच होते का, आणि एकदा पैसे भरून डिस्चार्ज झाल्यावर काही करता येतं का? आमच्याकडे एका पानाचं फायनल बिल आहे, त्यात बेड, डॉक्टर व्हिजिट, पीपीई किट, बायोमेडिकल वेस्ट, 'इतर' असे मोजके आकडे. सुरुवातीला रोख भरलेल्या पैशांची तर साध्या कागदावरची चिठ्ठी आहे. मामा म्हणतात जाऊ दे, जीव वाचला ना, डॉक्टरांशी वाईटपणा नको. मला ते पटत नाही.

कडुनिंब:
हो, दर होते. २१ मे २०२० ची राज्य सरकारची अधिसूचना आहे, ती वेळोवेळी वाढवत नेली. खाजगी हॉस्पिटलच्या ८० टक्के बेडना दिवसाला जनरल वॉर्ड विलगीकरणासह ४०००, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू ७५००, व्हेंटिलेटरसह ९००० रुपये. समजा कोणी दहा दिवस वॉर्डात आणि पाच दिवस व्हेंटिलेटरवर होतं तर ४० हजार अधिक ४५ हजार, म्हणजे ८५ हजार. आता तुमच्या साडेचार लाखांशी ताडून बघा.
आणि हा नुसता खाटेचा दर नाही हो. डॉक्टरांची तपासणी, नर्सिंग, जेवण, रोजची औषधं, सीबीसी, क्रिएटिनिन, एक्सरे, ईसीजी, सोनोग्राफी, टूडी इको हे सगळं त्यात धरलेलं आहे. पीपीई, कोविडची टेस्ट, सीटी, एमआरआय, टोसिलिझुमॅब किंवा मेरोपेनेमसारखी महागडी औषधं, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) वगैरे प्रोसिजर एवढंच वेगळं लावता यायचं. म्हणजे तुमच्या बिलातली 'डॉक्टर व्हिजिट' ही ओळ मुळात असायलाच नको.

सांजवेळ:
पण नगर जिल्ह्याचं ठिकाण आहे, म्हणजे शहरांच्या ब वर्गात ना? मग वॉर्ड ३०००, आयसीयू ५५०० आणि व्हेंटिलेटर ६७०० असं हवं.

कडुनिंब:
ते अ, ब, क वर्ग १ जून २०२१ पासूनचे. यांचे मामा मे मध्येच घरी आले ना, त्यांना जुना सरसकट दर. अर्जात चुकून नवा दर टाकू नका, तेवढ्यावरून हॉस्पिटलवाले अख्खा अर्ज चुकीचा ठरवतील.

रानवारा:
थँक्यू दोघांना. काल भाऊ विचारायला गेला होता तर काउंटरवर सांगितलं की तुमचा पेशंट २० टक्केवाल्या बेडवर होता, तिथे आमचे रेट. आम्हाला ॲडमिट करताना असं काही बोलले नव्हते, तेव्हा बेड मिळाला हेच मोठं होतं.

मोरपंखी:
मी हॉस्पिटलच्या बिलिंगला बरीच वर्षं काम केलंय (आता सोडलं), त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.
२० टक्केवाल्या बेडबद्दल हॉस्पिटलला लेखी विचारा, पेशंट कुठल्या कोट्यात होता, कधी ठरलं आणि नातेवाइकांची सही कुठल्या फॉर्मवर आहे. तोंडी उत्तर घेऊच नका.
भांडायच्या आधी कागद हातात घ्या. एका पानाच्या बिलावर काहीच सिद्ध होत नाही. तीन गोष्टी मागायच्या: आयटमवाइज ब्रेकअप, मेडिकलची प्रत्येक पावती आणि इनडोअर केस पेपरची पूर्ण झेरॉक्स. केस पेपर पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असा मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम आहे, तो अर्जात लिहाच.
केस पेपरमध्ये ट्रीटमेंट शीट असते, नर्सने कुठलं औषध किती वाजता दिलं ते त्यावर लिहिलेलं असतं. ती शीट आणि मेडिकलच्या पावत्या शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवा. कंटाळवाणं काम आहे पण खरा पैसा इथेच सापडतो. इंजेक्शनं दहा बिलात आणि शीटवर सात, असं असेल तर उरलेली तीन 'रिटर्न' दाखवून पैसे वजा व्हायला हवे होते, आणि त्या धावपळीत रिटर्न कोण बघतंय? रेमडेसिव्हिर खास बघा. पाच दिवसांच्या कोर्सला साधारण सहा वायल (इंजेक्शनच्या बाटल्या) लागतात, पहिल्या दिवशी दोन मग रोज एक. तुम्ही बाहेरून रांगेत उभं राहून आणून दिल्या असतील तर हॉस्पिटलच्या मेडिकलच्या बिलात त्याच पुन्हा लागल्यात का ते तपासा.
पीपीई वेगळं लावता यायचं हे बरोबर, पण वॉर्डातली नर्स एकाच किटमध्ये सगळ्या पेशंटकडे जाते आणि किट लागतं प्रत्येकाच्या बिलात. दिवसाला किती किट लावले आणि कुठल्या भावाने, हे लेखी मागा. ग्लोव्हज, सिरिंज, पॅन्टोप्राझोल, पॅरासिटामॉल असल्या रोजच्या गोष्टींवर पेनने खुणा करत जा.

रानवारा:
ताई, रेमडेसिव्हिर आम्हीच आणलं होतं, भाऊ नगर-पुणे करत होता त्यासाठी. हे बघतोच. सिटीस्कॅन दोनदा झालं, दर वेळी साडेपाच हजार.

सांजवेळ:
एचआरसीटीचे, म्हणजे छातीच्या सिटीस्कॅनचे दर सप्टेंबर २०२० मध्येच बांधले होते, मशीनप्रमाणे २०००, २५०० आणि जास्तीत जास्त ३०००. मशीन कितीही भारी असलं तरी साडेपाच हजार बसत नाहीत.

गावाकडचा_डॉक्टर:
मी तालुक्याला छोटं हॉस्पिटल चालवतो, दुसरी बाजू मांडू द्या. एप्रिलमध्ये ऑक्सिजन सिलिंडरचा भाव कुठे गेला होता ते आम्ही भोगलंय, नर्स आणि वॉर्डबॉय दुप्पट पगारातही मिळत नव्हते, आणि गंभीर पेशंट असेल तर ९००० मध्ये व्हेंटिलेटरचा दिवस भागत नाही. सरकारने दर ठरवले पण आमच्या खर्चावर काही लगाम नव्हता. तरी माझं मत स्पष्ट आहे, खर्च भागत नसेल तर ते शासनाला सांगायचं, 'इतर' अशी ओळ टाकून पेशंटच्या घरच्यांकडून काढायचं नाही. प्रामाणिक हॉस्पिटलला ब्रेकअप द्यायला अडचण नसते. रानवारा, अर्ज करा, पण भाषा सभ्य ठेवा, ज्या नर्सनी मामांना सांभाळलं त्यांचा यात दोष नाही.

मृद्गंध:
माझे सासरे याच लाटेत गेले. बिल पूर्ण भरेपर्यंत बॉडी मिळणार नाही असं सांगितलं आम्हाला, आम्ही रात्रभर पैसे गोळा केले. नंतर कळलं की जानेवारी २०२१ मध्ये राज्याच्या नर्सिंग होम नियमांत बदल झालाय, थकलेल्या बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही. त्या रात्री हे माहीत असतं तर ठामपणे बोलता आलं असतं. ज्यांचा पेशंट आज आत आहे त्यांनी हे लक्षात ठेवा. त्याच नियमांत रुग्णहक्कांची सनद लावणं आहे आणि स्थानिक पातळीवर तक्रार निवारण कक्षही आहे.

कडुनिंब:
मृद्गंध, फार वाईट वाटलं वाचून. ज्यांचा पेशंट अजून ॲडमिट आहे त्यांच्यासाठी आणखी एक, महात्मा फुले जनआरोग्य योजना मे २०२० पासून राज्यातल्या सगळ्यांना लागू केली आहे, पांढरं रेशनकार्ड असलं तरी. पण हॉस्पिटल योजनेत हवं आणि ॲडमिट असतानाच तिथल्या आरोग्यमित्राकडे (योजनेचा मदतनीस) नोंद करायची, उपचार कॅशलेस आहेत, नंतर बिलं नेऊन पैसे मिळत नाहीत. हेल्पलाइन १५५३८८. योजनेतल्या हॉस्पिटलने बसणाऱ्या पेशंटकडून पैसे घेतले असतील तर तिथे तक्रार होते, त्यामुळे रानवारा, तुमचं हॉस्पिटल यादीत आहे का तेवढं बघा.

पाणवठा:
मेडिक्लेमबद्दल. कंपनीकडून कपातीचं पत्र मागवा, कुठल्या ओळीला किती कापले आणि कारण काय. बरेच क्लेम कंपन्यांनी सरकारी दराचा आधार घेऊन कापलेत. तुमच्या पत्रात तसं कारण लिहिलेलं असेल तर तो कागद जपून ठेवा, कारण तोच हॉस्पिटलविरुद्ध पुरावा होतो: दर इतका असताना तुम्ही इतके घेतले. पीपीई आणि कन्झ्युमेबल्सची (ग्लोव्हज, सिरिंजसारख्या वापरून टाकायच्या वस्तू) कपात असेल तर पॉलिसीचा कागद वाचावा लागेल. कंपनीने दाद दिली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, फी नाही, वकील लागत नाही, कंपनीचं शेवटचं उत्तर आल्यापासून एक वर्षाची मुदत.
रोख रकमेचं म्हणाल तर १ एप्रिल ते ३१ मे २०२१ मध्ये कोविड उपचारांसाठी हॉस्पिटलना २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची सवलत दिली होती, पेशंटचा आणि पैसे भरणाऱ्याचा पॅन किंवा आधार घेऊन. तुमची रक्कम तेवढी असेल तर नोंद त्यांच्याकडे असायलाच हवी. कमी असेल तरी चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा आणि पक्की पावती मागा.

रानवारा:
एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. सोमवारी ब्रेकअप आणि केस पेपरचा अर्ज देतोय. शेवटचं विचारतो, अर्ज माझ्या नावाने चालेल का, आणि हॉस्पिटलने घेतलाच नाही तर पुढे कोणाकडे जायचं?

मोरपंखी:
अर्ज मामांच्या सहीनेच द्या, आयपीडी नंबर (ॲडमिट पेशंटचा नोंदणी क्रमांक) आणि ॲडमिट-डिस्चार्जच्या तारखा टाकून. सोबत तुमच्या नावाचं त्यांच्या सहीचं अधिकारपत्र, म्हणजे त्यांना हेलपाटे नकोत. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. घेत नसतील तर रजिस्टर पोस्टाने, पोच पावतीसकट.
कागद आले की जुळवणी करून जादा रकमेचा एका पानाचा तक्ता बनवा आणि तो जोडून महापालिका आयुक्तांकडे बिलाच्या ऑडिटचा अर्ज करा, हॉस्पिटल हद्दीबाहेर असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. कोविड बिलं तपासायला त्या काळात ऑडिटर नेमलेले होते. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. तिथे काही झालं नाही तर ग्राहक आयोग आहे, त्याला दोन वर्षांची मुदत असते. आणि मामांना सांगा, बिलाचा हिशेब मागण्यात वाईटपणा काही नाही.