मदत हवी आहे: वसई 5 मेला पडली की 16 मेला? (पुस्तक छपाईच्या तोंडावर आहे)

मंडळी, नमस्कार.

माझी पहिली ऐतिहासिक कादंबरी येत्या मे महिन्यात येते आहे. विषय चिमाजी अप्पांची पोर्तुगिजांविरुद्धची वसई मोहीम, 1737 ते 1739. नायक मात्र अप्पा नाहीत, सुरुंग खणणारा एक काल्पनिक बेलदार आहे. प्रकाशकांनी उत्साहात ठरवून टाकलं: 16 मे, वसईचा विजयदिन, प्रकाशन वसईतच. आमंत्रणपत्रिकेचा मजकूरही तयार झाला.

आणि परवा मुद्रितशोधक बाईंचा फोन. "अहो, पत्रिकेत 16 मे आहे, आणि तुमच्या शेवटून दुसऱ्या प्रकरणात मुंबईचा इंग्रज 5 मेलाच वसई पडल्याचं लिहितोय. तो ज्योतिषी आहे का?"

ज्योतिषी नाही, पंचांग वेगळं. पोर्तुगिजांनी 1582 मध्येच ग्रेगोरियन (म्हणजे आजची) कालगणना घेतली, इंग्रज 1752 पर्यंत जुन्या ज्युलियनवर अडून बसले. 1739 साली दोघांत 11 दिवसांचं अंतर होतं. म्हणजे किल्ला सोपवण्याच्या तहाची इंग्रजी 5 मे तीच पोर्तुगीज 16 मे, आणि पोर्तुगिजांनी किल्ला सोडला ती 12 मे म्हणजेच 23 मे. आपल्याकडच्या पुस्तकांत या चारही तारखा फिरतात आणि कुठली कुठल्या कालगणनेतली हे बरेचदा लिहिलेलं नसतं. भरीस भर, इंग्रजांचं नवं वर्ष 25 मार्चला सुरू होई. त्यामुळे 1739 च्या जानेवारीतल्या तारापूरच्या लढाईबद्दलच्या त्यांच्या कागदावर साल 1738 पडतं. या एका आकड्यापायी माझा बेलदार पहिल्या खर्ड्यात वर्षभर उपाशी बसला होता!

मराठी पत्रांची तऱ्हा आणखी निराळी. कुठे वैशाखातली तिथी, कुठे 'छ' लिहून मुसलमानी महिन्याची चांद्र तारीख, आणि साल सुहूर, म्हणजे अरबी शब्दांत आकडा लिहिलेलं: तिसा सलासीन मया व अलफ, म्हणजे 1139. इसवी सनासाठी त्यात 599 किंवा 600 मिळवायचे, कारण ते साल मृगाला बदलतं. हे गणित मला आवडतं, पण वाचकाच्या गळ्यात मारावं का?

प्रश्न असा: प्रकरणांच्या डोक्यावर कुठली तारीख छापू? माझ्या मनात आहे की ज्याच्या नजरेतून प्रकरण त्याची कालगणना. मराठ्यांच्या छावणीत तिथी, किल्ल्यातल्या पाद्र्याकडे ग्रेगोरियन, मुंबईकर इंग्रजाकडे ज्युलियन. प्रकाशक म्हणतात, लोक छपाईची चूक समजतील. मग तळटीप द्या म्हटलं, तर म्हणाले, "कादंबरीत तळटीप म्हणजे पंगतीत हिशेबाची वही." कोणी ऐतिहासिक कादंबरी छापली असेल तर अनुभव सांगा. वाचक म्हणून तुम्हाला काय खटकेल तेही चालेल.

दुसरं, जागेचं. प्रकाशकांना सेंट सेबॅस्टियन बुरुजापाशी मांडव हवाय, कारण तिथलेच सुरुंग कादंबरीत उडतात. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याचा संरक्षित, परवानगीशिवाय खुंटीही ठोकता येणार नाही. असा छोटा कार्यक्रम कोणी केलाय का? अर्ज किती आधी द्यावा लागला? नाही जमलं तर गावातला एखादा हॉल सुचवा, साधारण शंभर माणसांचा.

आणि सर्वांत महत्त्वाचं. मी सातारकडचा. कादंबरीत एक सामवेदी कुटुंब आहे (वसईतला समाज, त्यांची बोलीही सामवेदीच), त्यांचे संवाद मी दोन-चार भेटींत कानावर पडलं त्या बळावर लिहिलेत. तीनशे वर्षांपूर्वीची बोली हुबेहूब यावी असा हट्ट नाही, पण आजच्या वसईकराला हसू येऊ नये. घरी सामवेदी बोलणाऱ्या कोणी अकरा पानं वाचून द्याल का? मानधन बेताचंच आहे, पुस्तकाची प्रत नक्की, आणि मी वसईला येईन तेव्हा सुकेळी (वाळवलेली केळी) तुम्ही सांगाल त्याच घरून घेईन.

कृपया व्यक्तिगत निरोप करा. पानं छापखान्यात जायला बारा दिवस आहेत.

ता. क.: "तिथीने करा की तारखेने" हा शिवजयंतीचा वाद इथे नको, पाया पडतो. पत्रिकेवर 16 मेच राहणार, कंसात 'नवी कालगणना' घालायला प्रकाशक आत्ताच कबूल झाले. प्रकरणांच्या तारखांचं अजून अडलेलंच आहे.