स्टेलालँड: देश कसला, जमीन लाटायचा धंदा!

खडूस_काका:
टपालवेडा यांच्या कालच्या धाग्यात म्हटलंय की दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलालँडच्या मूठभर शूर बोअरांनी (म्हणजे तिथे स्थायिक झालेल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांनी) १८८२ मध्ये स्वतःचं प्रजासत्ताक उभं केलं आणि लोभी इंग्रजांनी ते तीन वर्षांत गिळलं. तिथेच प्रतिसाद द्यायला बसलो होतो, पण फारच लांबला. म्हणून हा वेगळा धागा.

कुठले शूर? ताउंगच्या त्ल्हापिंग लोकांचा राजा मांकुरवाने आणि कोराना प्रमुख मासाऊ यांचं भांडण चाललं होतं. त्यात ट्रान्सवाल या शेजारच्या बोअर राज्याकडून आलेले भाडोत्री बंदूकवाले मासाऊच्या बाजूने उतरले. मेहनताना म्हणून ठरली जमीन. मांकुरवाने हरला, आणि त्याच्या कुरणांचे ३००० मॉर्गनचे, म्हणजे सहा हजारांवर एकरांचे तुकडे पडले. मग वाटणी टिकावी म्हणून व्रायबर्ग गाव, व्हान नीकर्क प्रशासक आणि ताऱ्याचा झेंडा. आधी वाटणी, मग देश!

टपालवेडा:
काका, तुम्हाला बोअर म्हटलं की झोंबतंच. इंग्रजांनी किंबर्लीत हिऱ्यांची जमीन कशी मिळवली, तेही लिहा की. स्टेलालँडने १८८३ मध्ये शेजारच्या गोशेन या दुसऱ्या बोअर प्रजासत्ताकाशी जोडी करून 'संयुक्त संस्थानं' केली, १८८४ मध्ये स्वतःची टपाल तिकिटं काढली. एका पेनीपासून एका शिलिंगापर्यंत. लुटारू तिकिटं छापत बसतात का?

बांधावरची:
हो, छापतात! आमच्या थोरल्या काकांचा बांधाचा वाद होता. गावातला एक 'मदतनीस' धावून आला, कचेरीच्या चकरा मारल्या. निकाल लागला तेव्हा सातबाऱ्यावर काकांबरोबर त्याचंही नाव! आजी मरेपर्यंत म्हणायची, त्या शेजाऱ्यापेक्षा हा महाग पडला. मांकुरवानेचं वाचताना तीच आठवली. मासाऊला तरी शेवटी काय मिळालं?

खडूस_काका:
ताई, नेमकं बोललात.

टपालवेडा:
आता सातबारा आणा दक्षिण आफ्रिकेत.

शिळाछाप:
अवांतर, पण राहवत नाही. ते चार पेनीचं तिकीट मी एकदा घेतलं होतं. विक्रेता शपथेवर म्हणाला, अस्सल. घरी येऊन भिंगाखाली धरलं तर रंग सलग नाही, ठिपकेच ठिपके! जुनं शिळाछापाचं काम असं दिसत नाही हो, हे आजच्या यंत्राचं. परत द्यायला गेलो तर म्हणे, विकलेला माल परत घेत नाही. तेव्हापासून स्टेलालँड हे नाव काढलं की डोकं फिरतं.

टपालवेडा:
किती दिलेत? माझ्याकडे 'ट्वी', म्हणजे दोन, असा शिक्का मारलेलं चार पेनीचं आहे. दोन पेनीचं वेगळं तिकीट नव्हतं, म्हणून १८८५ मध्ये चारवरच भागवलं.

शिळाछाप:
फोटो टाका, मी सांगतो खरं की खोटं. मागची बाजूही टाका. अन् कडेची भोकं मोजून सांगा.

खडूस_काका:
अहो, इथे माणसांच्या जमिनी गेल्या आणि तुम्ही भोकं मोजताय?

टपालवेडा:
तुम्ही तरी काय सोडवताय? बरं, 'शूर' हा शब्द मागे घेतो. अर्धाच. पण १८८५ मध्ये इंग्रज सेनानी सर चार्ल्स वॉरन चार हजारांचं सैन्य घेऊन आला, तो मांकुरवानेच्या मायेने? केप वसाहतीतला इंग्रज राजकारणी सिसिल ऱ्होड्स या पट्ट्याला उत्तरेच्या व्यापाराचा सुएझ कालवा म्हणायचा. जर्मन पश्चिम किनाऱ्यावर उतरले होते, म्हणून ही धावपळ. एकही लढाई झाली नाही.

खडूस_काका:
हे मान्य, तुमच्या बाजूने असलं तरी. मात्र लढाई का झाली नाही, तेही बघा. १८८४ मध्ये ऱ्होड्स आधीच येऊन गेला होता. किस्सा सांगतात की बोअरांचा धिप्पाड पुढारी दे ला रे म्हणाला, "रक्त सांडायलाच हवं." ऱ्होड्स म्हणाला, "आधी न्याहारी द्या, मग रक्ताचं बोलू." आठवडाभर राहून म्हणे त्याच्या नातवाचा धर्मपिताही झाला. आणि करारात कबूल केलं काय, तर जमिनीचे हक्क तसेच राहतील. झेंडा उतरला, शेतं राहिली! बुडालं काय तुमच्या शूरांचं? बुडाले ते त्ल्हापिंग. इंग्रजांच्या जमीन आयोगाने त्यांना राखीव तुकड्यांत कोंबलं. १८९५ मध्ये हा मुलूख इंग्रजांच्या केप वसाहतीत टाकला, १८९६-९७ मध्ये लांगेबर्गच्या डोंगरात बंड पेटलं. 'इंग्रजांनी गिळलं' म्हणताय, ते गिळणं असं होतं.

बांधावरची:
म्हणजे आमच्या मदतनिसासारखंच. तलाठी बदलला, नाव तेच.

टपालवेडा:
ठीक आहे, काका, न्याहारी तुमची. धाग्याचं शीर्षक मात्र अजूनही आगलावू आहे.

शिळाछाप:
फोटो टाकताय ना? मागची बाजू विसरू नका.