सहा प्रयोग नीट की साठ प्रयोग धावत?

उतरण (धागाकर्ता)

हाताळायच्या विज्ञान संग्रहालयात घरचे सगळे मिळून गेले की चित्र ठरलेलं असतं. पोरं बटण दाबतात आणि दिवा लागायच्या आत पुढच्या यंत्राकडे पळतात. मोठी माणसं पिशव्या सांभाळत मागून 'अरे, वाच तरी!' म्हणत फिरतात. दोन तासांत साठ मॉडेलं 'बघून' होतात, हाती काहीच लागत नाही.

माझं म्हणणं असं की दोन तासांत सहाच प्रयोग करावेत, फार तर आठ. पण प्रत्येक तीनदा. पहिल्यांदा नुसतं बघायला. दुसऱ्यांदा 'आता काय होणार' ते आधी मोठ्याने बोलून. तिसऱ्यांदा एकच गोष्ट बदलून.

उतारावरच्या शर्यतीचं बघा. एक भरीव चकती आणि एक पोकळ कडी, दोन्हींचं वजन आणि व्यास सारखा. चकती जिंकते; कडीला साधारण १५ टक्के जास्त वेळ लागतो. कडीचं सगळं वस्तुमान काठावर असल्याने तिच्या गतिज ऊर्जेतला निम्मा वाटा गोल फिरण्यातच जातो, चकतीचा फक्त एक तृतीयांश. इथवर बहुतेकांचं होतं आणि ते निघून जातात. खरी गंमत तिसऱ्या फेरीत असते. लहान चकती विरुद्ध मोठी, जड चकती विरुद्ध हलकी अशी लावा. बरोबरी! वजन नाही, आकारमान नाही, वस्तुमान कुठे वाटलंय एवढंच मोजलं जातं. हे ज्याने बघितलं नाही त्याच्या डोक्यात 'हलकी हरली' असलं काहीतरी उरतं.

चुकतं कुठे, तर सोडताना. दोन हातांनी सोडलं की एक बोट आधी सुटतं किंवा नकळत ढकललं जातं. दोन्हींच्या पुढे एक पट्टी आडवी धरा आणि ती उताराच्या दिशेने झटकन पुढे काढा. वर उचललीत तर चकत्यांना घासते. उतार कमीजास्त करता येत असेल तर फार उभा करू नका. कडी आधी घसरायला लागते आणि मग शर्यतीला अर्थ राहत नाही.

---

मोकाट

असहमत, आणि जोरात असहमत. सहलीची चाचणी परीक्षा करून टाकलीत राव.

भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपेनहायमरने १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम हे हाताळायचं विज्ञान संग्रहालय उघडलं तेव्हा त्याचा रोख नेमका उलट होता. संग्रहालयात कुणी नापास होत नाही, हे त्याचं लाडकं म्हणणं. तुमच्या योजनेत 'आधी अंदाज सांग' म्हणून दर यंत्राशी तोंडी परीक्षा आहे. चौथ्या यंत्राला पोरगं 'मला भूक लागली' म्हणणार, आणि त्याला भूक लागलेली नसणार.

दुसरं, हे सहा प्रयोग निवडायचे कुणी? मोठ्यांनी. मग ते कुठले निवडतील? ज्यांचं उत्तर स्वतःला येतं तेच.

पहिला अर्धा तास पूर्ण मोकळं सोडा. वाचणं नाही, विचारणं नाही, बटण दाबून पळालं तरी चालेल. त्या पळापळीत मूल जागेचा नकाशा डोक्यात बसवत असतं. मग बसायला लावा, पाणी द्या आणि प्रत्येकाला एकच विचारा, 'परत कुठे जायचंय?' तिथे मात्र हवा तेवढा वेळ. सहाऐवजी तीनच झाले तरी ते त्याचे असतील.

---

उतरण

अर्धा तास मान्य. पण नुसतं सोडलं की काय होतं त्याचा नमुना म्हणजे कुजबुजीच्या तबकड्या. पंधरा-वीस मीटर अंतरावर समोरासमोर दोन मोठ्या खोलगट (अन्वस्त आकाराच्या) तबकड्या, प्रत्येकीसमोर एक लहान कडी. पोरं समोरच्या माणसाकडे तोंड करून बोंबलतात, काही विशेष होत नाही, निघून जातात. करायचं असतं उलट. पाठ जोडीदाराकडे, तोंड आपल्याच तबकडीकडे, ओठ त्या कडीत आणि आवाज अगदी हळू. कडी म्हणजे तबकडीची नाभी. तिथून निघालेला आवाज समांतर होऊन पलीकडे जातो आणि तिकडच्या नाभीत गोळा होतो, म्हणून ऐकणाऱ्यानेही कान त्याच्या कडीशी न्यायचा. वीतभर बाजूला सरकलात की आवाज विरतो. एका वाक्याची मदत केली नाही तर सगळ्या दालनातला सगळ्यात भारी प्रयोग 'बंद पडलाय' म्हणून वाया जातो.

---

मोकाट

एक वाक्य द्या की. व्याख्यान देऊ नका एवढंच. आणि ते वाक्यसुद्धा पोरगं एकदा फसल्यावर द्या, आधी नको.

---

पाटीवाचक

तुम्ही दोघेही यंत्राशेजारच्या माहितीच्या पाटीवर विश्वास ठेवून चाललाय. ती चुकीची असेल तर?

हवेच्या झोतावर तरंगणारा चेंडू घ्या. झोत तिरका केला तरी चेंडू पडत नाही. पाटी बहुधा म्हणते, 'वेगवान हवेचा दाब कमी, म्हणून चेंडू आत ओढला जातो, बर्नुलीचा नियम.' पण मोकळ्या झोतातला दाब जवळपास आजूबाजूच्या हवेएवढाच असतो. नुसता वेग आहे म्हणून तो कमी होत नाही. खरं कारण असं की झोत चेंडूच्या गोलाईला चिकटून वळतो. तिरक्या झोतात चेंडू मध्यरेषेच्या जरा खाली लटकतो, झोत त्याच्या वरच्या अंगाने जाऊन खाली वाकतो. हवा खाली ढकलली गेली म्हणजे चेंडू वर ढकलला जाणारच. दाब कमी होतो तो या वळणापायी.

तपासायला टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी पुरते. चेंडूच्या पलीकडे धरा, झोत वाकलेला दिसतो. मग चेंडू काढून घ्या आणि पट्टी तिथेच धरा, झोत सरळ गेलेला दिसतो. घरी नळाच्या बारीक धारेला चमच्याची फुगीर बाजू हलकेच टेकवली तरी तेच. चमचा धारेपासून दूर जाण्याऐवजी आत ओढला जातो आणि पाणी दुसरीकडे वळतं.

म्हणून माझा क्रम आधी हात, मग वाद, शेवटी पाटी. आणि पाटीशीही वाद.

---

दमट

चर्चा छान आहे, पण गर्दी आणि हवा यांच्यापुढे कुणाचीच योजना टिकत नाही. तिकीट काढतानाच विचारा, आज काय काय बंद आहे. हाताळायची यंत्रं मोडतातच; बटणं, हँडल, पट्टे यांच्यावर दिवसभर मारामारी चालू असते. शाळांच्या सहली बहुधा सकाळी असतात, दुपार बरी.

व्हॅन डी ग्राफची (गोलावर हात ठेवला की केस उभे करणारं स्थिर विजेचं यंत्र) रांग लावायची की नाही ते हवेवर ठरवा. हवा दमट असेल तर भार साठण्याआधीच गळून जातो आणि वीस मिनिटं उभं राहून चार केस हलतात. केस कोरडे, मोकळे आणि बिनतेलाचे हवेत, घामेजलेले नकोत. आधी विद्युतरोधक स्टुलावर उभं राहायचं, हात गोलावर सपाट ठेवायचा, मग यंत्र चालू. चालू असताना हात उचलायचा नाही आणि शेजाऱ्याला शिवायचं नाही. यंत्र बंद करून चालकाने दांडीने गोलावरचा भार जमिनीत उतरवला की मगच खाली उतरायचं. बहुतेक झटके इथेच बसतात, कारण लोक टाळ्या ऐकून आधीच उडी मारतात. पेसमेकर असणाऱ्याने लांबूनच बघावं, हे सांगायची वेळ येऊ नये पण येते.

---

लेकीची_आई

सहा की साठ हा वाद चालू द्या, पण हँडल कुणाच्या हातात आहे ते कुणी बघितलंय का? केविन क्राउली हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या एका बालसंग्रहालयात कुटुंबांचं निरीक्षण केलं, ते २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. हाताळायला मुलंमुली दोघेही सारखेच पुढे होते, पण 'हे असं का होतं' हे समजावून सांगण्याची शक्यता मुलांच्या बाबतीत मुलींच्या तिप्पट निघाली. आईवडील दोघेही यात आले.

म्हणजे मोकाट म्हणतात तसं मोकळं सोडून भागत नाही. कारण मोठे गप्प बसलेले नसतात, ते एकाशीच बोलत असतात.

एक्सप्लोरेटोरियममध्येच कुटुंबांसाठी बसवलेला एक सोपा खेळ आहे. कुणीही, अगदी धाकट्यानेही, 'हात वर' म्हटलं की सगळ्यांनी यंत्रावरचे हात काढायचे. म्हणणाऱ्याने आपल्याला काय दिसलं किंवा आता काय करून बघायचंय ते सांगायचं, मग पुन्हा सुरू. फिरत्या स्टुलावर हे लगेच जमतं. दोन्ही हातांत वजनं, हात पसरलेले, एकाने अगदी सावकाश फिरवायचं. जोरात फिरवलं की हात आत घेताच तोल जातो. पाय स्टुलाच्या कडीवर, जमिनीला घासता कामा नयेत. हात छातीशी घेतले की वेग वाढतो. 'हात वर'! आता धाकटी सांगणार की फक्त एकच हात आत घ्यायचा, किंवा वजनं टाकून नुसतेच हात. वेग वाढतो तेव्हा वाढीव ऊर्जा कुठून आली, हा प्रश्न मोठ्यांनी आपसात सोडवावा. (हात आत ओढताना दंडाला ताण जाणवतो ना, तिथून.)

---

मोकाट

हा मुद्दा बिनतोड आहे. यावर मी गप्प.

---

एकटाच_जातो

मुलं नसलेल्या प्रौढांबद्दल कुणी बोलतच नाहीये. आमचा वेग वेगळा. मला सहाही जास्त वाटतात.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवणाऱ्या फुकोच्या लंबकापाशी लोक दोन मिनिटं थांबतात, 'नुसता हलतोय' म्हणतात आणि जातात. त्याच्या झोक्याची दिशा ताशी १५ अंश गुणिले अक्षांशाचा साइन (त्रिकोणमितीतली 'ज्या') एवढी वळते. ३० अक्षांशावर ती ताशी साडेसात अंश, विषुववृत्तावर शून्य. दोन मिनिटांत पाव अंश, म्हणजे कुणालाही काही दिसणार नाही. आत शिरताना गोळा कुठल्या खुणेवर जातो ते लिहून ठेवा किंवा एकाच जागेवरून फोटो काढा आणि बाहेर पडताना परत बघा. फुकोने १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटर तारेला २८ किलोचा गोळा टांगला, कारण लांब आणि जड लंबक हवेच्या विरोधाला उशिरा दमतो. आजकाल तारेच्या वरच्या टोकाशी बहुधा विद्युतचुंबकाचं कडं असतं. ते झोका मरू देत नाही. ते दिसलं म्हणून 'मोटरनेच फिरवतात' असा निष्कर्ष काढू नका.

---

उतरण

आकड्याचा हट्ट सोडतो. तीन म्हणा, एक म्हणा. पण तिसरी फेरी सोडणार नाही.

तांब्याच्या नळीतून चुंबक टाकायचा प्रयोग बऱ्याच ठिकाणी असतो. आधी चुंबक नळीला चिकटत नाही ते तपासा. मग तेवढाच लोखंडाचा तुकडा टाका, खटकन खाली. मग चुंबक, तरंगत तरंगत येतो. पडणाऱ्या चुंबकामुळे नळीत गोल प्रवाह निर्माण होतात आणि ते त्यालाच अडवतात. आता शेजारी उभी चीर पाडलेली नळी असते. टाकायच्या आधी सांगा, काय होईल?

---

मोकाट

चीर पडली म्हणजे गोल तुटला, प्रवाह बंद. लोखंडासारखाच पडेल.

---

उतरण

नाही. अखंड नळीपेक्षा लवकर पडतो, पण लोखंडापेक्षा सावकाशच. अख्खा वेढा तुटला तरी नळीच्या भिंतीत चिरेच्या अलीकडेच वळून येणारे छोटे भोवरे उरतात.